दीर्घिकेच्या फोटोत एक ठिपका जास्त दिसला तर

१९ मे २०२३ ला वैशाख अमावस्या होती. अमावस्येच्या पुढच्या-मागच्या रात्री म्हणजे आकाशाचे फोटो काढणाऱ्यांची सुगी. मे महिन्यात सप्तर्षी रात्री उंचावर असतात, म्हणून जगभरच्या कितीतरी दुर्बिणी त्या दिवसांत सप्तर्षीजवळच्या एम१०१ या दीर्घिकेवर (गॅलॅक्सीवर) रोखलेल्या होत्या. १९ तारखेला जपानचे कोइची इतागाकी यांनी तिच्या एका भुजेत नवा तारा, म्हणजे सुपरनोव्हा (फुटलेल्या ताऱ्याचा झगझगाट), पाहून कळवला. बातमी पसरली तशी लोकांनी आपापले आदल्या रात्रीचे फोटो उघडले, आणि काहींच्या फोटोत तो ठिपका आधीच बसलेला होता. २ कोटी १० लाख प्रकाशवर्षांवरून निघालेला उजेड त्यांच्या हार्ड डिस्कमध्ये येऊन पडला होता. फोटो काढला होता, वाचला नव्हता.

नागपुरात नव्याने दुर्बीण घेतलेले बरेचजण मला विचारतात, 'आपल्याकडून असा सुपरनोव्हा सापडू शकतो का?' सापडू शकतो, पण त्यासाठी रोज सुपरनोव्हा शोधत बसायचं नाही. आवडीनं दीर्घिकांचे फोटो काढायचे आणि प्रत्येक फोटो सजवण्याआधी दहा मिनिटं वाचायचा, एवढंच.

आधी आशा किती ठेवायची ते सांगतो. एखाद्या मोठ्या दीर्घिकेत शंभर वर्षांत साधारण एक ते तीन सुपरनोव्हा होतात. आपल्या आकाशगंगेत साध्या डोळ्यांनी दिसल्याची शेवटची पक्की नोंद १६०४ ची, केप्लरच्या काळातली. म्हणजे एकाच दीर्घिकेकडे टक लावून बसलात तर जन्म जाईल. पण महिन्याला वीस दीर्घिका टिपल्या तर गणित बदलतं. दुसऱ्या बाजूला एटलास आणि झ्विकी यांसारखी स्वयंचलित दुर्बिणींची यंत्रं सगळं आकाश दर एक-दोन रात्रींनी चाळत असतात, त्यामुळे पहिलं नाव तुमचं लागेल याची खात्री कोणी देऊ नये. आपल्या बाजूची एक गोष्ट मात्र खरी आहे. यातली बहुतेक यंत्रं जिथे आहेत त्या हवाई, कॅलिफोर्निया आणि चिलीत दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र असते. त्या तासांतली एखादी फ्रेम (एक सुटा फोटो) फक्त तुमच्याकडेच असू शकते.

जागा: शहराच्या कोणत्या बाजूला जाता ते महत्त्वाचं

नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम २१ अंश वर असतो, म्हणजे कडुलिंबाचं एक झाड किंवा शेजारच्यांची पाण्याची टाकी आडवी आली की संपलं. माउंट (दुर्बिणीचा फिरता आधार) ध्रुवाशी जुळवायचं असेल तर उत्तर मोकळी असलेली जागा दिवसाउजेडीच पाहून ठेवा.

याचा दुसरा परिणाम नवशिक्यांच्या लवकर लक्षात येत नाही. सगळ्यांच्या आवडीची एम८२ उत्तरेकडे इतकी सरकलेली आहे की नागपुरातून ती फार तर ४१ अंशांपर्यंत चढते. एम१०१ ५७ अंशांपर्यंत जाते, एम५१ ६४ पर्यंत. तुम्ही उमरेड किंवा बुटीबोरीच्या बाजूला गेलात, की उत्तरेला बरोबर अख्ख्या शहराचा उजेड आणि त्यामागे कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांचा झगमगाट. एम८२ त्यातच बुडते. म्हणून उत्तरेच्या दीर्घिकांसाठी शहराच्या उत्तरेला जा, म्हणजे उजेड पाठीमागे राहील. रामटेक-मनसरच्या पलीकडे आकाश खरोखर काळं होतं. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. पण तिथे रात्री मनाला येईल तिथे गाडी उभी करून तिपाई लावायची नाही. परवानगी आणि मुक्कामाची सोय आधी करूनच जा. हमरस्त्याच्या कडेला जंगलात थांबणं हा वेडेपणा आहे, कारण ट्रकचे दिवे फोटो खराब करतात आणि वाघ त्याहून जास्त काही करू शकतो.

मी बहुतेक वेळा काटोलच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या संत्र्याच्या बागेत जातो. मृग बहाराची फळं झाडावर असली की रात्री तिथे राखणदार असतो. पहिल्याच रात्री त्यानं बॅटरीचा झोत थेट दुर्बिणीच्या तोंडात मारला होता. आता त्याच्या बॅटरीला लाल कागद आहे आणि तो स्वतःच येऊन विचारतो, 'काय दिसते जी आज?' मालकाची परवानगी आणि राखणदाराशी ओळख ही दोन्ही उपकरणं महागड्या फिल्टरइतकीच कामाची.

गच्चीवरून होत नाही का? होतं. २० सप्टेंबर २०१६ ला अर्जेंटिनातल्या रोसारियो शहरात व्हिक्टर बुसो हे व्यवसायानं कुलूप-किल्ल्यांचं काम करणारे गृहस्थ आपल्या घरावरच्या ४० सेंटीमीटरच्या दुर्बिणीला नवीन कॅमेरा लावून तपासत होते. डोक्यावर होती म्हणून एनजीसी ६१३ ही दीर्घिका निवडली आणि छोट्या छोट्या फ्रेम घेत गेले. सुरुवातीच्या फ्रेममध्ये काही नव्हतं. पुढच्या फ्रेममध्ये एक ठिपका उगवला आणि उजळत गेला. तारा फुटल्यावर आतला धक्का पृष्ठभागावर पोचतो तो क्षण त्यांच्या कॅमेऱ्यात आला होता. साध्या दृश्य प्रकाशात हे याआधी कोणाला असं टिपता आलं नव्हतं. तो पुढे एसएन २०१६जीकेजी या नावानं ओळखला गेला आणि २०१८ मध्ये त्यावरचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. शहर, गच्ची, कॅमेऱ्याची चाचणी, बाकी काही नाही. ही एनजीसी ६१३ नागपुरातूनही दिसते. नोव्हेंबरच्या रात्री दक्षिणेला ती ३९ अंशांपर्यंत येते.

सामान

इथे लोक फार पैसे घालवतात, म्हणून थोडक्यात. लागतात तीन गोष्टी: आकाशाबरोबर फिरणारं माउंट, किमान २५० मिलिमीटर नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) आणि प्रत्येक फ्रेम वेगळी साठवणारा कॅमेरा. हल्लीच्या छोट्या स्मार्ट दुर्बिणी, उदाहरणार्थ ५० मिलिमीटरची सीस्टार, सुरुवातीला पुरतात. फक्त सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक फ्रेम जतन करण्याचा पर्याय चालू करा. नुसतं तयार चित्र हातात आलं तर पुढची अर्धी तपासणी करताच येत नाही. बजेट असेल तर ६ किंवा ८ इंची न्यूटोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण, उत्तम.

एका पिक्सेलमध्ये आकाशाचा किती तुकडा मावतो ते काढून ठेवा. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला २०६ ने गुणा आणि नाभीय अंतराच्या मिलिमीटरनं भागा. २.९ मायक्रॉन आणि २५० मिलिमीटरला उत्तर येतं सुमारे २.४ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). हा आकडा पुढे लघुग्रह ओळखताना लागतो.

हिवाळ्यात दव पडतं. रात्री दोनला चित्र धुरकट व्हायला लागलं की लोक फोकसला दोष देतात आणि आरसा किंवा भिंग ओलं झालेलं असतं. पॉवर बँकेवर चालणारी गरम पट्टी भिंगाभोवती गुंडाळा.

कधी, आणि कोणती दीर्घिका

जून ते सप्टेंबर विसरा. ऑक्टोबरमध्ये पाऊस सरला की संध्याकाळीच एनजीसी ६९४६ उंचावर असते. १९१७ ते २०१७ या शंभर वर्षांत तिच्यात दहा सुपरनोव्हा नोंदले गेले, म्हणून तिला फटाक्यांची दीर्घिका म्हणतात, आणि ती नेमकी दिवाळीच्या सुमारास सोयीची असते! जानेवारी-फेब्रुवारीत एम८१-एम८२. सप्तर्षीतल्या पुलस्त्यापासून क्रतूपर्यंत रेघ ओढा आणि तेवढीच पुढे न्या, तिथे ही जोडी आहे. मार्च-एप्रिलमध्ये सिंहेतली एम६६ आणि तिच्या शेजारणी, आणि कन्येतली एम६१, जिच्यात १९२६ पासून २०२० पर्यंत आठ सुपरनोव्हा झाले. नक्षत्रं ओळखता येत नसतील तर गांधीसागराजवळच्या रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात एक दुपार घालवा, नंतर स्टेलॅरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा.

एप्रिल-मे हा दीर्घिकांचा खरा हंगाम आणि नागपूरच्या उन्हाचाही. दिवसा ४५ अंश तापलेली गच्ची रात्री अकरालाही तव्यासारखी असते. तापलेल्या सेन्सरवर खोटे ठिपके ढिगानं येतात. या महिन्यांत डार्क फ्रेम (दुर्बिणीवर झाकण ठेवून घेतलेले, फक्त खोटे ठिपके दाखवणारे फोटो) त्याच रात्री, त्याच तापमानाला घ्या. जानेवारीतल्या डार्क फ्रेम मे महिन्यात वापरणाऱ्याला रोज एक सुपरनोव्हा सापडतो.

फोटो काढताना

साठ सेकंदांच्या साठ फ्रेम, शहरातून असेल तर वीस-तीस सेकंदांच्या जास्त फ्रेम. दर काही फ्रेमनंतर दुर्बीण किंचित सरकवणारं डिदरिंग चालू ठेवा. त्यामुळे खरा तारा ताऱ्यांबरोबर राहतो आणि सेन्सरचा खोटा ठिपका जागा बदलत फिरतो.

कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी सेकंदापर्यंत जुळवा. हे वाक्य दोनदा वाचलं तरी चालेल.

शक्य असेल तर तीच दीर्घिका दर महिन्याला, त्याच उपकरणानं टिपा. चित्र दरवेळी तेच येईल आणि कोणाला दाखवावंसं वाटणार नाही. ठेवा. 'या तारखेला इथे काही नव्हतं' हे सांगणारा फोटो पुढे ठिपकेवाल्या फोटोइतकाच मोलाचा ठरतो, कारण तारा कधी फुटला हे या दोन फोटोंच्या मधल्या अंतरावरून ठरतं.

सजवण्याआधी वाचणं

हीच पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते, म्हणून इथे जरा थांबतो.

सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकरमध्ये फ्रेम एकावर एक रचल्या की हात शिवशिवतो: नॉइज (चित्रातले खरखरीत दाणे) काढा, तारे बारीक करा, रंग उठवा. थांबा. हल्लीची तारे पुसणारी आणि नितळ करणारी साधनं एखादा फिकट ठिपका सहज गिळतात आणि नसलेलं पोतही निर्माण करतात. तपासणी कच्च्या स्टॅकवरच, म्हणजे रचलेल्या पण न सजवलेल्या चित्रावरच करायची. दुसरं म्हणजे भुजा दिसाव्यात म्हणून आपण चित्र इतकं उजळतो की दीर्घिकेचा गाभा पांढराफटक होतो. तिथे सुपरनोव्हा असला तरी दिसणार नाही. म्हणून एकदा भुजांसाठी उजळून पाहा, एकदा गाभ्यासाठी अंधारून पाहा.

एम८२ मधल्या २०१४ च्या सुपरनोव्हाचं असंच झालं. तो फुटला १४ जानेवारीच्या सुमारास. दीर्घिका जवळची, सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर, आणि ठिपका दिवसेंदिवस ठळक होत होता. जगात कितीतरी जणांनी त्या आठवड्यात तिचे फोटो घेतले. लक्षात आला तो २१ जानेवारीला लंडनमध्ये. ढग दाटून येत होते म्हणून स्टीव्ह फॉसी यांनी विद्यार्थ्यांना घाईघाईनं ३५ सेंटीमीटरच्या दुर्बिणीतून एम८२ दाखवली आणि ते म्हणाले, हा तारा इथे नसायचा. त्यांना ही दीर्घिका चेहऱ्यानं ओळखीची होती. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.

चेहरा पाठ नसेल तर जुना फोटो शेजारी ठेवा. अलादिन या मोफत प्रणालीत डिजिटाइज्ड स्काय सर्व्हे आणि पॅन-स्टार्सची चित्रं मिळतात. तुमचं चित्र त्याच दिशेला फिरवा, त्याच आकाराचं करा आणि आलटून पालटून दाखवा. डोळा फरक लगेच पकडतो. एक सावधगिरी: पॅन-स्टार्सचं चित्र तुमच्यापेक्षा कितीतरी खोल असतं, म्हणून तिथे जास्त तारे दिसणारच. तुमच्याकडे आहे आणि तिथे नाही, असा ठिपका हवा.

ठिपका सापडला. आता त्याला खोटं ठरवा

हो, खोटंच ठरवायचा प्रयत्न करायचा. टिकला तर खरा.

आधी सुट्या फ्रेम पाहा. ठिपका एकाच फ्रेममध्ये असेल तर तो वैश्विक किरण किंवा उपग्रहाची चमक. सगळ्या फ्रेममध्ये असून ताऱ्यांबरोबर सरकत नसेल तर सेन्सरचा तापलेला पिक्सेल. शेजारच्या ताऱ्यांसारखाच गोल आणि तेवढाच पसरट आहे का, तेही पाहा. टोकदार एक पिक्सेल म्हणजे तारा नव्हे. दुर्बीण थोडी वळवून दीर्घिका चौकटीच्या दुसऱ्या कोपऱ्यात आणा आणि पुन्हा फोटो घ्या. भिंगातलं प्रतिबिंब असेल तर ते दीर्घिकेबरोबर येणार नाही.

मग लघुग्रह. माझा पहिला 'सुपरनोव्हा' एम६६ च्या कडेला होता. रात्री अडीचला मी घरच्यांना फोन करून उठवलं, दोन मित्रांना फोन केले आणि चुलीवर चहा मांडणाऱ्या राखणदारालाही सांगितलं. त्यानं शांतपणे विचारलं, 'इतक्या लांबचा तारा मेला, मंग आता दिसते कसा?' त्याला उजेडाच्या प्रवासाचं समजावण्यात तासभर गेला, आणि तेवढ्यात ठिपका बारा पिक्सेल पुढे सरकला. लघुग्रहच. आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला असताना मुख्य पट्ट्यातला लघुग्रह तासाला साधारण ३० विकला सरकतो. वर काढलेल्या २.४ विकलेच्या हिशोबानं बाराच पिक्सेल होतात. सिंह आणि कन्या राशिचक्रातच आहेत, म्हणून तिथल्या दीर्घिकांवरून लघुग्रह सतत जात असतात. एम८२ आणि एम१०१ राशिचक्रापासून दूर आहेत, तिथे हा धोका फार कमी. कुठेही असो, तासाभरानं पुन्हा फोटो घ्या आणि लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरच्या तपासणी पानावर ती जागा आणि वेळ टाकून पाहा.

नंतर चलतारे, म्हणजे तेज कमी-जास्त होणारे तारे. आपल्याच आकाशगंगेतला एखादा चलतारा दीर्घिकेच्या रेषेत येऊन अचानक उजळू शकतो. एएव्हीएसओ या चलतारे निरीक्षकांच्या संघटनेची सूची पाहा. शेवटी दीर्घिकेचे स्वतःचे तेजोमेघ. एम१०१ च्या भुजांत ते एवढे ठळक आहेत की नवशिक्या हमखास फसतो. पण ते जुन्या चित्रातही असतात आणि ताऱ्यापेक्षा पसरट दिसतात.

जागा, वेळ, प्रत

अॅस्टॅप किंवा अॅस्ट्रोमेट्री डॉट नेटला फोटो दिला की चौकटीतल्या प्रत्येक पिक्सेलचे विषुवांश आणि क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांश) कळतात. ठिपक्याचे आकडे लिहून घ्या. त्याची प्रत (तेज किती हे सांगणारा आकडा) काढायला त्याच चौकटीतल्या, प्रत माहीत असलेल्या ताऱ्यांशी तुलना करा. घाईत नजरेनं केलेला अंदाज अर्ध्या प्रतीनं सहज चुकतो, म्हणून सॉफ्टवेअरला मोजू द्या. ठिपका दीर्घिकेच्या उजळ भागात असेल तर पार्श्वभूमीचा उजेड वजा करायला विसरू नका.

वेळ जागतिक वेळेत द्यायची, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. २० जानेवारीला पहाटे दोनला घेतलेली फ्रेम जागतिक वेळेनुसार १९ जानेवारी, २०:३० ची असते. तारीख मागे जाते. मी ही चूक केलेली आहे आणि ती दुरुस्त करायला लावणारा नम्र निरोप परदेशातून आलेला आहे.

कळवणं

पहिलं काम म्हणजे ट्रान्झियंट नेम सर्व्हरवर त्या जागेचा शोध घेणं. ही आंतरराष्ट्रीय खगोल संघाची अधिकृत नोंदवही आहे आणि शोध घ्यायला पैसे लागत नाहीत. दहापैकी नऊ वेळा तिथे कोणीतरी आधीच नाव लावलेलं असतं. निराश व्हायचं कारण नाही. नोंदीतली शोधाची वेळ आणि तुमच्या फ्रेमची वेळ ताडून पाहा. तुमची फ्रेम आधीची असेल तर ती शोधापूर्वीची नोंद म्हणून कळवता येते, आणि संशोधक अशा फ्रेम मागतात.

नोंद नसेल तर खातं उघडून अर्ज भरा: विषुवांश, क्रांती, जागतिक वेळ, प्रत, फिल्टर, उपकरण. शेवटी एक रकाना असतो, याआधी त्या जागी शेवटचं 'काही नव्हतं' कधी आणि तेव्हा किती फिकट तारा दिसू शकला असता. तुमचा गेल्या महिन्याचा कंटाळवाणा फोटो इथे लागतो. अर्ज गेला की ठिपक्याला 'एटी' या अक्षरांनी सुरू होणारं तात्पुरतं नाव मिळतं. कुठल्यातरी मोठ्या दुर्बिणीनं वर्णपट घेऊन सुपरनोव्हाची खात्री केली की 'एटी'च्या जागी 'एसएन' येतं. आपल्याकडे लडाखमध्ये हानले इथे २ मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण आणि ७० सेंटीमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण अशाच क्षणभंगुर गोष्टींचा मागोवा घेतात.

फेसबुकवर टाकण्याची घाई अर्ज गेल्यानंतर करा. आधी नाही.

पुढचे काही आठवडे त्या दीर्घिकेचे फोटो घेत राहा, ढगांतून फट मिळाली तरी. श्वेतबटू ताऱ्याचा स्फोट असेल तर ठिपका दोन-तीन आठवडे चढतो आणि मग उतरतो. मोठ्या ताऱ्याचा असेल तर तो बरेचदा एका पातळीवर महिनाभर किंवा जास्त रेंगाळतो. मोजलेल्या प्रती एएव्हीएसओकडे पाठवता येतात.

आणि आज ढग असतील तर जुनी हार्ड डिस्क काढा. गेल्या दोन वर्षांतल्या दीर्घिकांच्या फ्रेम तारखेनुसार लावा आणि एकेकीची जागा नोंदवहीत टाकून पाहा. माझ्या एका मित्राला एम१०१ चा मे २०२३ चा फोटो असाच एका जुन्या फोल्डरमध्ये सापडला. ठिपका स्पष्ट होता. कॅमेऱ्याचं घड्याळ मात्र २०१९ दाखवत होतं.